मॉडेलने खांब दोनदा मोजले: कोथरूडमधल्या एका अंदाजपत्रकाचं प्रकरण

आमच्या ऑफिसात एकाच इमारतीची दोन अंदाजपत्रकं तयार झाली. एक मी रेव्हिटच्या (इमारत त्रिमितीत उभी करण्याचं सॉफ्टवेअर) मॉडेलमधून काढलं, दीड दिवसात. दुसरं काकांनी नकाशांवरून काढलं. नग, लांबी, रुंदी, उंची असे रकाने आखून, अकरा दिवसांत. नुसत्या काँक्रीटमध्ये पावपट फरक आला आणि जास्तीचा आकडा माझा होता. तो फरक शोधण्यात जे दोन आठवडे गेले, त्यांची ही नोंद. सोसायटी, आर्किटेक्ट आणि ठेकेदार यांची नावं मुद्दाम देत नाही. वाचणाऱ्याला हिशेब स्वतः करून बघता यावा म्हणून मापं थोडी गोल केली आहेत.

काका म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने एस्टिमेटर. आयुष्य सरकारी कामांवर गेलेलं, त्यामुळे दरसूची जिभेवर आणि एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तक, देव्हाऱ्यात. संगणकाशी त्यांचं वैर नाही, एक्सेल ते माझ्यापेक्षा भराभर चालवतात. मॉडेलवर मात्र त्यांचा विश्वास नव्हता, आणि का नव्हता हे त्यांना तेव्हा नीट सांगता येत नव्हतं.

काम कोथरूडमधल्या एका सोसायटीचं. तळमजला अधिक दोन अशी जुनी इमारत, लिफ्ट नाही, बारा सभासद. त्यांनी बिल्डरला न देता स्वयंपुनर्विकासाचा मार्ग धरला. नवी इमारत खाली पार्किंग आणि वर सात मजले, दर मजल्यावर चार, एकूण २८ फ्लॅट. उरलेले सोळा विकून खर्च भागवायचा. म्हणजे अंदाज चुकला तर बिल्डरचा नफा कमी होणार नव्हता, बारा घरांच्या खिशाला चाट बसणार होती. सोसायटीने नेमलेल्या पीएमसीने आम्हाला परिमाणं काढायला बोलावलं. (पुण्यात पीएमसी म्हणजे महापालिकाही आणि प्रकल्प सल्लागारही. ‘पीएमसीने फाइल अडवली’ म्हटलं की आधी विचारावं लागतं, कुठल्या.)

आर्किटेक्टच्या ऑफिसातून मॉडेल आलं तेव्हा मी खूश झालो होतो. झोकदार काम होतं. जिन्याच्या कठड्याचे गज, गच्चीवरचे सोलर पॅनेल, पार्किंगमध्ये उभ्या केलेल्या गाड्यासुद्धा. मी मटेरियल टेकऑफची शेड्यूल्स, म्हणजे मॉडेलमधून आपोआप निघणारे मालाच्या परिमाणांचे तक्ते, लावली, एक्सेलमध्ये ओतली, दर टाकले आणि बैठकीला गेलो. त्याच बैठकीला काका त्यांचा तक्ता घेऊन आले होते, कारण पीएमसीने ‘जुन्या पद्धतीनेही एकदा बघा’ असं सांगून ठेवलं होतं. सोसायटीचे अध्यक्ष निवृत्त बँक अधिकारी. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “कुठला आकडा बरोबर ते नंतर. आधी मला सांगा, तुम्ही दोघांनी मोजलं काय?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी काही मोजलंच नव्हतं, मॉडेलने मोजलं होतं.

काँक्रीट

स्लॅब, बीम आणि खांब हे तीनच आयटम घेऊ. फाउंडेशन, जिना, टाक्या बाजूला ठेवू. मॉडेलचा आकडा ९०८.६४ घनमीटर, काकांचा ७२५.०९. फरक १८३.५५ घनमीटरचा. आमच्या अंदाजपत्रकात काँक्रीटचा दर घनमीटरला ७,००० रुपये धरला होता, म्हणजे १२ लाख ८४ हजार ८५० रुपये. सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) आणि सळई यात नाहीच.

काकांना वास आधीच लागला होता. एका मजल्याचा स्लॅब ३८४ चौरस मीटर, असे आठ. एकूण ३,०७२ चौरस मीटर. त्यांनी कॅल्क्युलेटरवर भागाकार केला. माझ्या आकड्याने चौरस मीटरला जवळपास ०.३० घनमीटर काँक्रीट येत होतं, त्यांच्या आकड्याने ०.२४. “सात मजल्यांच्या साध्या चौकटीला पॉइंट तीस? फाउंडेशन सोडून?” एवढंच म्हणाले. हा भागाकार मी बैठकीला जायच्या आधी करायला हवा होता. एक मिनिटाचं काम.

मग आम्ही मॉडेल उघडून बसलो. आर्किटेक्टकडची मॉडेल करणारी मुलगीही आली. हुशार आणि प्रामाणिक. तिने स्वतःच पहिला घोळ दाखवला. रेव्हिटमध्ये खांब दोन जातींचे असतात, आर्किटेक्चरल आणि स्ट्रक्चरल. आर्किटेक्चरल खांब हा खरं तर स्ट्रक्चरल खांबाभोवतीचं आवरण, फिनिश दाखवण्यासाठीचा. तिने आधी आर्किटेक्चरल खांब उभे केले होते. पुढे स्ट्रक्चरल सल्लागाराची ड्रॉइंग आली तेव्हा त्याच जागी, त्याच मापाचे स्ट्रक्चरल खांब बसवले. आधीचे पुसले नाहीत आणि दोघांनाही मटेरियल काँक्रीटच. पडद्यावर एकच खांब दिसतो. शेड्यूलमध्ये दोन असतात.

खांब ३०० × ७५० मिमी, उंची ३ मीटर, म्हणजे एका मजल्याला एका खांबाचं ०.६७५ घनमीटर. २२ खांब, ८ मजले, १७६ नग. ११८.८ घनमीटर. तेवढंच पुन्हा एकदा मोजलं गेलं होतं.

“काका, पण सॉफ्टवेअर बेरीज चुकत नाही,” मी कसनुसं म्हणालो.

“नाहीच चुकत. मुकादमाने एकाच माणसाची हजेरी दोनदा लावली तरी मस्टरची बेरीज बरोबरच येते.”

दुसरा घोळ बारीक होता आणि मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बीम २३० × ६०० मिमी, स्लॅब १२५ मिमी. बीमचा वरचा १२५ मिमीचा भाग स्लॅबमध्येच असतो. आयएस १२०० हे बांधकामाच्या मोजणीचं भारतीय मानक, त्याच्या दुसऱ्या भागात काँक्रीटची मोजणी आहे. तिथे बीमची खोली स्लॅबच्या तळापासून धरतात, स्लॅब अखंड मोजतात. रेव्हिटमध्येही बीम आणि स्लॅब जॉइन केले की स्लॅब बीमला कापतो आणि आकडा आपल्या मोजणीशी जुळतो. पण इथे जॉइन झालेलं नव्हतं, म्हणून दोघांनीही आपापलं पूर्ण घनफळ सांगितलं. मीटरमागे ०.०२८७५ घनमीटर. मजल्याला २६० मीटर बीम, आठ स्लॅबना २,०८० मीटर. ५९.८ घनमीटर. खांबांची डोकीही तशीच स्लॅबमध्ये घुसलेली होती, त्यांचे ४.९५. तिन्हींची बेरीज करा, १८३.५५ येतात. काकांचा आकडा शंभर टक्के जुळला, तेव्हा त्यांनी फक्त चहा मागवला.

जॉइनचा क्रम उलटा करता येतो हेही त्या दिवशी कळलं. बीमने स्लॅबला कापायचं ठरवलं तर एकूण घनफळ तेवढंच राहतं, पण स्लॅबचं काँक्रीट कमी आणि बीमचं जास्त दिसतं. दोन्ही आयटमचे दर वेगळे असले तर बिल बदलतं. अंदाजपत्रकात कोणाला कळणारही नाही. ठेकेदाराचं पहिलं आरए, म्हणजे झालेल्या कामाचं चालू, बिल आलं की कळतं.

भिंत सुधारली, गिलावा बिघडला

भिंती एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकच्या. बाहेरच्या आणि दोन फ्लॅटमधल्या १५० मिमी, आतल्या १०० मिमी. मॉडेलमध्ये भिंती लेव्हल टू लेव्हल नेल्या होत्या, खालच्या स्लॅबपासून वरच्या स्लॅबपर्यंत सरळ तीन मीटर. प्रत्यक्षात बीमखाली भिंत २.४ मीटरवर थांबते. १५० मिमीच्या भिंती मजल्याला १८० मीटर, सात मजले, १,२६० मीटर. प्रत्येक मीटरला ०.०९ घनमीटर जास्त. एकूण ११३.४ घनमीटर, म्हणजे ६०० × २०० × १५० च्या ब्लॉकमध्ये सांगायचं तर ६,३०० ब्लॉक. बीमच्या पोटात बसवलेले.

हे सरळ होतं. मॉडेल करणाऱ्या मुलीने एका दुपारी सगळ्या भिंतींच्या माथ्याला उणे ६०० चा ऑफसेट दिला. ब्लॉकचा आकडा काकांशी जुळला. आम्ही आनंदात पुढे गेलो आणि दुसऱ्या दिवशी गिलाव्याचा आकडा धाडकन खाली आला.

कारण उघड होतं, फक्त आमच्या लक्षात आलं नव्हतं. गिलावा ही मॉडेलमध्ये भिंतीचीच एक लेयर होती. भिंत जिथे थांबली तिथे गिलावाही थांबला. साइटवर मात्र गवंडी बीमच्या बाजूलाही गिलावा करतोच. स्लॅबखालचा ४७५ मिमीचा पट्टा, दोन्ही अंगांना, १,२६० मीटर. १,१९७ चौरस मीटर गिलावा हवेत गेला. (बाहेरच्या अंगाला स्लॅबची कडही येते, ती इथे धरलेली नाही.) आधीच्या चुकीच्या मॉडेलमध्ये हाच गिलावा अवघा ३१५ चौरस मीटर जास्त होता. म्हणजे भिंतीची एक चूक गिलाव्याची दुसरी चूक झाकत होती, आणि पहिली दुरुस्त केल्यावर दुसरी चौपट मोठी होऊन बाहेर आली.

हा भाग मी इतरांना सांगतो तेव्हा कोणीतरी हमखास म्हणतं, “मग भिंत वरपर्यंतच ठेवायची, काय बिघडतं?” बिघडतं. ब्लॉक विकत आणायचे असतात, त्यांची ऑर्डर याच आकड्यावर जाते.

आम्ही शेवटी बीमना एक पॅरामीटर जोडला: गिलाव्याच्या बाजू. भिंतीवरच्या बीमला २, पार्किंगमधल्या उघड्या बीमना ठेकेदाराशी ठरेल ते, फॉल्स सीलिंगमध्ये लपणाऱ्यांना ०. शेड्यूलमध्ये लांबी गुणिले ०.४७५ गुणिले बाजू. त्याच शेड्यूलमध्ये मग सेंटरिंगही निघालं: तळ ०.२३ अधिक दोन बाजू ०.९५, मीटरला १.१८ चौरस मीटर, एकूण २,४५४.४. सेंटरिंग म्हणजे काँक्रीटला टेकणारं क्षेत्रफळ, आणि असा काही घटक मॉडेलमध्ये कोणी उभा करत नाही. ते भूमितीतून काढावंच लागतं.

तरीही गिलावा काकांपेक्षा कमीच येत होता. आता विषय दारं-खिडक्यांचा. रेव्हिट भिंतीचं क्षेत्रफळ देताना प्रत्येक उघडं भोक दोन्ही अंगांनी वजा करतं. आयएस १२०० चा बारावा भाग तसं करत नाही. ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या भोकाची वजावटच नाही. त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंत एकाच अंगाची वजावट, कारण दुसऱ्या अंगाच्या मोबदल्यात गवंडी चौकटीच्या कडा, माथा आणि उंबरठ्याकडचा भाग करून देतो, ते वेगळे मोजायचे नाहीत. ३ च्या वर गेलं की दोन्ही अंगं वजा आणि कडा मात्र मोजून द्यायच्या.

हा नियम कोणीतरी लहरीखातर लिहिलेला नाही. खिडकीच्या कडेचा सहा इंची पट्टा करायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो, ओळंबा धरावा लागतो, कोपरा तुटतो. प्रत्येक कड टेपने मोजत बसण्यापेक्षा एक अंग वजाच करू नका, हा जुना, शहाणा सौदा आहे. संगणकाला तो माहीत असण्याचं कारण नाही.

आमच्या एका फ्लॅटला १.५ × १.२ च्या चार खिडक्या (७.२ चौरस मीटर), ०.९ × २.१ ची बेडरूमची दोन दारं (३.७८) आणि १.०५ × २.१ चं मुख्य दार (२.२०५). बेरीज १३.१८५. २८ फ्लॅटना ३६९.१८ चौरस मीटर गिलावा मॉडेलने कमी दाखवला. संडास-बाथरूमची दारं यात धरली नाहीत, तिथे आतून टाइल्स आहेत आणि तो वाद वेगळा.

आयएफसी फाइलमध्ये (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल नेण्याचा सामायिक प्रकार) भिंतीचं ग्रॉस आणि नेट असं दोन्ही क्षेत्रफळ मिळतं, त्यातून सुटेल असं मला वाटलं होतं. नाही सुटत. ग्रॉस म्हणजे काहीच वजा नाही, नेट म्हणजे सगळं वजा, आणि आपला आकडा या दोघांच्या मधे कुठेतरी, भोकाच्या आकारावर ठरणारा. म्हणून दारं-खिडक्यांचं वेगळं शेड्यूल काढलं आणि एक्सेलमध्ये तीन पायऱ्यांची अट लावली. चार ओळींचं सूत्र आहे. ते आता आमच्या प्रत्येक फाइलमध्ये असतं.

मॉडेलमध्ये जे नव्हतंच

गाड्या होत्या, पण बाथरूमच्या सनकमधला, म्हणजे खाली घेतलेल्या स्लॅबवरचा, भराव नव्हता. गच्चीचा विटांचा कोबा नव्हता. स्कर्टिंग, खिडकीखालचा ग्रॅनाईट, ओट्याखालचा कडप्पा, ब्लॉक आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे मारायची जाळी, लिंटल, परांची, क्युरिंगच्या पाण्याचे टँकर, काहीच नव्हतं. सळईही नव्हती, ती आम्ही काँक्रीटच्या घनमीटरमागे किलो धरून लावली आणि बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळयांचा तपशीलवार तक्ता, आल्यावर बदलली.

यात आर्किटेक्टची चूक म्हणणं अन्याय होईल. ते मॉडेल सभासदांना दाखवण्यासाठी केलं होतं. जुन्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पडदा लावून वॉक-थ्रू दाखवला, आजींनी स्वतःच्या स्वयंपाकघराची खिडकी पाहिली, सह्या झाल्या. त्या कामाला ते उत्तम होतं. त्याला मोजायला मी बसवलं, न विचारता.

सगळ्यात मोठी जागा रिकामी होती ती जमिनीखाली. मॉडेलमध्ये फूटिंग, म्हणजे खांबांखालचे पाये, होती, खड्डे नव्हते. फूटिंग २.० × २.४ मीटर, पीसीसी (खालचा बिनसळईच्या काँक्रीटचा थर) चारी बाजूंनी १०० मिमी बाहेर, म्हणजे खड्डा २.२ × २.६, खोली २ मीटर, २२ नग. २५१.६८ घनमीटर. डंपरवाल्याच्या भाषेत सुमारे ८९ ब्रास, आणि तेही घट्ट माप. उकरलेला माल फुगतो, त्याच्या खेपा त्याहून जास्त होतात. पण पुण्यात एकूण खोदाईच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. वर थोडी माती, मग मऊ मुरूम, कठीण मुरूम, आणि खाली काळा बेसाल्ट. प्रत्येक थराचा दर वेगळा, आणि कठीण खडकाला ब्रेकर लावायचा तर मुरमाच्या दराशी तुलनाच नको. काकांनी ट्रायल पिट, म्हणजे चाचणीचे खड्डे, स्वतः उतरून पाहिले होते. १.२ मीटरला खडक धरला, म्हणजे खालच्या ०.८ मीटरचे १००.६७ घनमीटर कठीण खडकात. हा आकडा कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नव्हता, त्यांच्या बुटाला लागलेल्या चिखलात होता.

दुसरी फेरी

मॉडेल करणारी मुलगी, काका आणि मी एका टेबलाला बसून एक पानभर नियम लिहिले. खांब फक्त स्ट्रक्चरल. बीम-स्लॅब जॉइन, स्लॅब कापणार. भिंत बीमखाली थांबणार. ‘जेनेरिक १५०’ असं नाव कुठल्याही भिंतीला नाही. नावात आयटम क्रमांक, म्हणजे शेड्यूलची ओळ थेट बीओक्यूच्या (आयटमवार परिमाणांची यादी) ओळीला भिडेल. आणि बीओक्यूला एक नवा रकाना: परिमाण मॉडेलमधून, मॉडेलवरून सूत्राने, की हाताने. हा रकाना काकांचा हट्ट होता आणि अध्यक्षांना तोच सर्वांत आवडला. कुठल्या आकड्याला कोण जबाबदार हे त्यात दिसतं.

काकांची बाजूही पूर्ण स्वच्छ नव्हती, हे लिहायला त्यांनीच सांगितलं. त्यांनी खिडक्यांचे नग आर-२, म्हणजे दुसऱ्या सुधारणेच्या, ड्रॉइंगवरून मोजले होते. आर-४ मध्ये दोन फ्लॅटच्या हॉलची खिडकी जाऊन तिथे २.४ × २.१ चं स्लायडिंग दार आलं होतं, आणि ते ३ चौरस मीटरच्या वर जातं, म्हणजे नियमच बदलतो. मॉडेलमध्ये आर-४ आपोआप आलं होतं. पुढे सभासदांनी ड्राय बाल्कनीच्या भिंती हलवायला लावल्या तेव्हा फरकाचं पत्रक माझ्याकडून तासाभरात निघालं. काका दोन दिवस म्हणाले असते. त्यांनी ते पत्रक दोनदा तपासलं, एक चूक निघते का बघितलं, निघाली नाही. “बरं आहे,” म्हणाले. हे त्यांच्या तोंडचं मोठं प्रशस्तिपत्रक.

निविदेत ‘मोजमाप आयएस १२०० प्रमाणे, मॉडेल फक्त संदर्भासाठी’ असं वाक्य घातलं. ठेकेदाराने त्यावर हरकत घेतली नाही. त्याच्या माणसाने मॉडेल उघडलंच नव्हतं, हे नंतर समजलं.

खोदाई सुरू झाल्यावर मागच्या बाजूच्या तीन फूटिंगना काकांचा अंदाज चुकला. खडक १.२ ऐवजी ०.७ मीटरलाच लागला, आणि चौथ्या खड्ड्यात जुन्या इमारतीची विसरलेली पाण्याची टाकी निघाली, गळ्यापर्यंत राडारोड्याने भरलेली. मुलीला फोन केला. ती साइटवर आली, काकांच्या टेपचं दुसरं टोक धरलं, खडकाची पातळी चार कोपऱ्यांना घेतली, आणि संध्याकाळी ऑफिसात जाऊन मॉडेलमध्ये तेवढ्या खड्ड्यांचे तळ तुकड्यातुकड्यांनी उभे केले. काकांनी तीच मापं एमबीत शाईने लिहिली. दोन्हींचं उत्तर ०.०४ घनमीटरने वेगळं आलं. काका अजून म्हणतात, तो फरक तिच्या बाजूला टेप सैल धरल्याचा आहे.